जुना पायाचा ऑर्गन घरच्या घरी पुन्हा वाजता करताना

संगीत नाटकांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांत गायकाच्या मागे जो भरघोस, न तुटणारा सूर लागलेला असतो, तो पायाच्या ऑर्गनचा. दिसायला कपाटासारखा, खाली दोन पेडल, वर पाच सप्तकं आणि पट्ट्यांच्या वर ओळीने लावलेले ओढायचे नॉब. चर्चमधल्या पाइप ऑर्गनचं हे घरगुती भावंड म्हणता येईल. मात्र यात नळ्या नसतात. आवाज येतो तो पेटीतल्यासारख्या पितळी सुरांतून, म्हणजे रीड्समधून.

मला असा एक ऑर्गन मिळाला तो जवळजवळ मुका होता. पेडल मारले की धापा टाकल्यासारखा आवाज यायचा आणि साठपैकी दहा-बारा पट्ट्या कशाबशा कण्हायच्या. मी काय केलं, तर ट्यूनरचं अ‍ॅप उघडलं आणि बेसूर वाटणारे तीन सूर खरवडून "लावले". दोन महिन्यांनी भाता नीट झाला, हवा पुरेशी खेचली जाऊ लागली आणि तेच तीन सूर सगळ्यांत जास्त बेसूर निघाले. मुळात ते बरे होते. बिघडली होती ती हवा.

पुढे जे लिहिलं आहे त्याचा क्रम त्या चुकीतून आला आहे: आधी हवा, मग झडपा, मग सूर. नवशिक्याचा हात नेमका उलट्या दिशेने जातो.

१. आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

पायाने वाजवायच्या पेट्या दोन जातीच्या. एकीत भाता हवा दाबून सुरांतून बाहेर ढकलतो. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियम या नावाने पेटंट घेतलं ते या जातीचं. दुसरीत भाता हवा आत खेचतो, आणि बाहेरची हवा सुरांतून आत शिरताना सूर वाजतो. अमेरिकेत एस्टी, मेसन अँड हॅम्लिन अशा कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात हे खेचणारे ऑर्गन प्रचंड संख्येने बनवले. आज जुना ऑर्गन म्हणून जे समोर येतं ते बहुधा याच जातीचं असतं. हा लेखही त्याच्याबद्दल आहे.

ओळखायचं कसं? पेडल मारत एक पट्टी दाबा आणि पट्ट्यांच्या मागे, सुरांच्या तोंडाशी पातळ कागदाची चिंधी धरा. आत ओढली गेली तर खेचणारा, बाहेर फडफडली तर दाबणारा. हा फरक लक्षात ठेवाच. खेचणाऱ्या ऑर्गनमध्ये खोलीतली धूळही सुरांतूनच आत जाते, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

नॉबवरचे आकडे घाबरवतात, पण हिशेब सोपा आहे. ८ म्हणजे पट्टीचा जो सूर तोच. ४ म्हणजे एक सप्तक वर. १६ म्हणजे एक सप्तक खाली. पेटीवाल्यांच्या भाषेत अनुक्रमे नर, मादी आणि खर्ज. बहुतेक नॉब डाव्या आणि उजव्या अर्ध्यासाठी वेगळे असतात. एकच नॉब ओढून "अर्धा ऑर्गन वाजतच नाही" म्हणणाऱ्यांत मीही होते.

गुडघ्यांजवळ दोन लाकडी पंखे असतात. सहसा एकाने आवाज चढतो-उतरतो आणि दुसऱ्याने सगळे सूर एकदम खुले होतात.

२. घरी आणण्याआधी काय बघायचं

पॉलिश गेलंय, कोपरा तुटलाय, पेडलवरचा गालिचा फाटलाय, यांकडे दुर्लक्ष करा. मागची फळी काढायला सांगा आणि टॉर्च घेऊन वाका.

- लाकूड. बारीक भोकं आणि त्याखाली ताजा, फिकट भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असतील तर चालेल. वाळवीने आतून पोकळ झालेली फळी बोटाने ठोकल्यावर कागदी पुठ्ठ्यासारखी वाजते. तसं झालं असेल तर नमस्कार करून परत या.
- सूर. मागून किंवा पट्ट्यांच्या वरून पितळी सुरांची रांग दिसते. मधले दात पडल्यासारख्या रिकाम्या जागा मोजा. दोन-तीन चालतील. अर्धी रांगच नसेल तर तो ऑर्गन दुसऱ्या ऑर्गनसाठी सुटे भाग म्हणूनच घ्या.
- उंदीर. उंदरांना ऑर्गन फार आवडतो. नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड), कापड, अंधार, सगळी सोय. घरटं काढून टाकता येतं, पण त्यांच्या मुताने पितळ खाल्लेलं असेल तर ते सूर पूर्वीसारखे बोलत नाहीत. हिरवट-पांढरा थर कुठवर पोचलाय ते बघा.
- पाणी. खालच्या फळ्यांवर डाग आणि सुटलेले सांधे. सुरांच्या खालची मोठी फळी भेगाळली असेल तर काम दुप्पट होतं.

भाता फाटलेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तो फाटलेलाच असतो. शंभर वर्षं टिकेल असं रबरी कापड कुणी बनवलेलं नाही.

३. साहित्य आणि नोंदी

हत्यारं फार लागत नाहीत, पण योग्य लागतात.

- खाचेत घट्ट बसणारे चपटे स्क्रू-ड्रायव्हर, निदान तीन रुंदीचे. ढिला ड्रायव्हर जुन्या स्क्रूची खाच एका झटक्यात खातो.
- सूर ओढायचा आकडा. सुराच्या टोकाशी एक बारीक खाच असते, त्यात अडकवून सूर बाहेर काढायचा. पातळ पोलादी पट्टीचं टोक वाकवून घरी करता येतो.
- मऊ ब्रश, कमी जोराचा व्हॅक्यूम क्लीनर, मास्क, हातमोजे.
- सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक), तो वितळवायला दोन भांडी (एकात पाणी, त्यात दुसरं) आणि थर्मामीटर.
- भात्याचं रबरी कापड: दोन सुती थरांमध्ये रबराचा पातळ पापुद्रा असलेलं. रेनकोटचं, छत्रीचं किंवा रेक्झिन चालत नाही. ते घडी नीट घेत नाही.
- मऊ पातळ चामडं, लोकरी नमदा, सुती पट्टा.
- अगदी पातळ पोलादी पट्टी, बारीक कानस आणि सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर. हे सगळं शेवटी लागेल. तोवर खणात ठेवा आणि खणाला कुलूप लावा.

कागदपत्रं म्हणाल तर एक वही. पहिल्या पानावर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. क्रमांक बहुधा मागच्या बाजूला किंवा आतल्या फळीवर ठोकलेला असतो. पेन्सिलीने केलेल्या सह्या आणि तारखाही शोधा. कारागीर पहिल्या पट्टीच्या कडेवर किंवा सुरांच्या पाटावर (ज्यात सगळे सूर खोचलेले असतात ती फळी) लिहून ठेवायचे. माझ्या ऑर्गनमध्ये सर्वांत डावीकडच्या पट्टीच्या कुशीत एक पुसट सही निघाली आणि त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या कामाशी जरा अदबीने वागू लागले.

पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर एक सावधगिरी. हस्तिदंताच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानुसार कडक निर्बंध आहेत आणि कित्येक देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत. असा ऑर्गन विकत घ्यायचा किंवा सीमेपलीकडे न्यायचा असेल तर आधी परवान्याची चौकशी करा. बहुतेक साध्या ऑर्गनच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लास्टिक) असतात, त्यांना ही अडचण नाही. त्यांची अडचण वेगळी आहे, ती पाचव्या टप्प्यात येईल.

४. उघडणं

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो आणि काढल्यानंतर फोटो. "हे तर लक्षात राहील" असं वाटतं तिथे दोन फोटो.

क्रम साधारण असा: मागची फळी, वरचं झाकण, पट्ट्यांवरचं झाकण, मग नॉबची फळी. नॉबच्या मागे दांड्या, तारा आणि बिजागऱ्यांचं जाळं असतं. कोणती दांडी सुरांवरच्या कोणत्या झाकणाला जाते त्याचं चित्र काढा, कितीही वाकडं आलं तरी. फोटोत एकामागची दुसरी दांडी दिसत नाही.

मग पट्ट्या. प्रत्येकीवर क्रमांक असतो, १ पासून ६१ पर्यंत. नसेल तर खालच्या बाजूला पेन्सिलीने घाला. पट्ट्या उचलल्या की त्यांच्या खाली बारीक लाकडी दांड्या उभ्या दिसतील. पट्टी दाबली की दांडी खाली जाते आणि सुराखालची झडप उघडते. या दांड्यांची लांबी एकसारखी वाटते. नसते. पुठ्ठ्याला ६१ भोकं पाडा, क्रमांक घाला आणि दांड्या त्यात खोवत जा.

त्याखाली सुरांचा पाट: हाच ऑर्गनचा जीव. कडेने मोठे स्क्रू असतात. ते सगळे एकेक फेरा असे थोडे थोडे सैल करा. एका बाजूचे पूर्ण काढून दुसऱ्या बाजूला गेलात तर पाट पिळतो. उचलायला दोन माणसं हवीत. तो ठेवायची जागा आधीच मोकळी करून ठेवा. हातात पाट धरून "आता कुठे?" असं आम्ही दोघं चांगली तीन मिनिटं उभे होतो.

स्क्रू जिथला तिथेच जायला हवा. पुठ्ठ्यावर फळीचा आकार काढून त्या त्या जागी टोचून ठेवा.

५. साफसफाई, आणि काय लावायचं नाही

कोरडी, हलक्या हाताची. व्हॅक्यूमच्या तोंडावर जाळीचं कापड बांधा, म्हणजे सुटलेला नमद्याचा तुकडा किंवा स्प्रिंग आत जाणार नाही. उंदरांची घाण कोरडी झाडू नका. मास्क लावून, किंचित ओलसर करून पुसून घ्या.

आता न लावायच्या गोष्टी. तेल, कुठलंही, कुठेही नको. करकरणाऱ्या लाकडी दांडीवर तेलाचा थेंब टाकला की तिथे धूळ बसते, लाकूड फुगतं आणि महिन्याभरात करकर परत येते. ग्राफाइटची पूड बोटाने चोळा. सुरांना पितळेचं पॉलिश नको. आम्ल नको. चिंच तर नकोच.

सेल्युलॉइडच्या पट्ट्यांना नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लागला तर त्या डोळ्यांदेखत चिकट होऊन विरघळतात. शिवाय सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं. जवळ मेणबत्ती, गरम सोल्डरिंग आयर्न काही नको. किंचित ओलसर कापड आणि लगेच कोरडं कापड, बस.

६. भाता: इथेच खरं काम

खाली तीन भाते असतात. पेडलला जोडलेले दोन लहान, जे हवा उपसतात. आणि एक मोठा, साठ्याचा, ज्याच्यामुळे सूर धापा न टाकता सलग वाजतो. खेचणाऱ्या ऑर्गनमध्ये मोठा भाता आतल्या जाड स्प्रिंगांनी उघडा धरलेला असतो. हवा उपसली की तो मिटतो आणि स्प्रिंगा त्याला परत उघडायला बघतात. त्या ताणातून हवेची खेच मिळते.

या स्प्रिंगांचा धाक ठेवा. जुनं कापड कापलं की मोठा भाता एकदम उघडतो आणि स्प्रिंग उसळून हाताला लागते. कापड कापण्याआधी भाता सुतळीने आवळून बांधा.

पण त्याहीआधी एक काम. मोठा भाता पूर्ण उघडा असताना दोन फळ्यांमधलं अंतर मोजा आणि लिहा. दोन्ही लहान भात्यांचंही मोजा. कापड निघाल्यावर हे माप कुठूनही परत मिळत नाही. अंदाजाने कमी ठेवलं तर साठा पुरत नाही. जास्त ठेवलं तर भाता ऑर्गनच्या पाठीला घासतो.

जुनं कापड फाडू नका, सोडवा. मूळ काम सरसाने केलेलं असेल तर कोमट ओल्या फडक्याने शेकल्यावर ते पापडासारखं उचललं जातं. सबंध निघालं की तोच तुमचा नमुना. कापडाच्या आतून घडीसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर त्यांच्या जागा नव्या कापडावर उतरवून घ्या. मधल्या काळात कुणी फाटक्या जागी सायकलचं ट्यूब किंवा चिकटपट्टी लावली असेल तर तो डिंक खरवडण्यात एक अख्खा रविवार जाईल. स्वतः तसं ठिगळ लावायचा मोह होईल तेव्हा तो रविवार आठवा.

भाता उघडा असतानाच आतले चामडी पडदे बघा. फळीतल्या भोकांवर ते सैलसर टांगलेले असतात आणि हवेला एकाच बाजूने जाऊ देतात. शंभर वर्षांत ते पुठ्ठ्यासारखे ताठ होतात. नवं कापड लावून आतले पडदे तसेच ठेवले तर सगळं परत उघडावं लागतं. नवा पडदा भोकावर सपाट पडायला हवा, पण ताणलेला नको.

मोठ्या भात्यावर एक छोटी सुरक्षा-झडपही असते. भाता पूर्ण मिटला की ती कशाला तरी टेकून उघडते आणि जास्तीची खेच सोडून देते. "इथून हवा गळते" म्हणून ती चिकटवून टाकलेले ऑर्गन मी पाहिले आहेत. तसं केलं तर जोरात पेडल मारल्यावर कापडाचा सांधा तरी उसवतो, नाही तर फळी तरी.

सरस असा करा: दाणे थंड पाण्यात फुगू द्या, मग पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करा. उकळू द्यायचा नाही. जास्त तापला की त्याचा जोर जातो. ब्रशवरून तो पातळ धारेने गळला पाहिजे. पांढरा गोंदही धरतो आणि काम निवांत करता येतं, पण पुढच्या माणसाला ते कापड सोडवताना तुमची आठवण येईल. मी सरसच वापरते.

कापड एका सलग पट्टीत कापा. पट्टीचा मध्य भात्याच्या सर्वांत रुंद बाजूच्या मध्यावर चिकटवा आणि दोन्हीकडून बिजागरीच्या दिशेने जा. सरस पटकन आवळतो, म्हणून एका वेळी वीतभरच लावा. लाकडाच्या गुळगुळीत चपट्या तुकड्याने दाबत, बुडबुडे बाहेर ढकलत पुढे सरका. कोपऱ्यांवर घाई करू नका. गळती जवळजवळ नेहमी कोपऱ्यातच निघते. कडेवरून पातळ चामड्याची पट्टी फिरवली की काम सुरेखही दिसतं.

एक रात्र वाळू द्या. मग ऑर्गन जोडण्याआधीच परीक्षा घ्या. वरच्या फळीतली हवेची भोकं पुठ्ठा आणि चिकटपट्टीने बंद करा (इथे चिकटपट्टीला परवानगी आहे), मोठा भाता मिटेपर्यंत पेडल मारा आणि घड्याळ बघा. अर्धा मिनिट तरी तो सावकाश उघडत राहायला हवा. मिनिटभर टिकला तर स्वतःची पाठ थोपटा. पाच सेकंदांत फस्सकन उघडला तर कान लावून गळती शोधा. सांध्याजवळ उदबत्ती फिरवली की धूर आत ओढला जातो आणि भेग सापडते. पट्ट्या तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या असू द्या, सेल्युलॉइडचं सांगितलंच आहे.

फळीच्या भेगेवर पातळ चामड्याची पट्टी सरसाने चिकटवली की पुरतं. लाकूड-पुट्टी ऋतू बदलला की निसटते.

घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडून पेडलची कटकट वाचवावी का, असं विचारणारे भेटतात. ऑर्गनला लागणारी खेच जेमतेम काही इंच पाण्याच्या स्तंभाइतकी असते, आणि व्हॅक्यूम क्लीनर त्याच्या कितीतरी पट खेचतो. थेट जोडलात तर नवा भाता आतल्या बाजूला शिवलेल्या पिशवीसारखा गोळा होईल.

७. झडपा आणि पट्ट्या

सुरांचा पाट उलटा केला की ६१ लांबट लाकडी झडपा दिसतात. प्रत्येकीवर नमदा, त्यावर चामडं आणि दाबून धरणारी तारेची स्प्रिंग. चामडं मऊ असेल तर नुसतं ब्रशने झाडा. कसर लागून नमद्याला खड्डे पडले असतील तर सगळ्या झडपांचे नमदे एकाच जाडीने बदला. दोन-चारच बदलले तर त्या पट्ट्या इतरांपेक्षा उंच-सखल बसतात आणि हाताला कळतं.

स्प्रिंगा वाकवून "जोर वाढवायचा" नाही. पट्ट्या जड होतात आणि द्रुत लयीत बोटं अडकतात.

८. सूर काढणं आणि साफ करणं

सर्वसाधारण घरगुती ऑर्गनमध्ये सुरांचे दोन संच असतात, म्हणजे १२२ सूर. काढण्याआधी तेवढ्या खाचांचा ट्रे तयार ठेवा. एका वेळी एक सप्तक काढा, साफ करा, परत घाला. सगळे एकदम काढून टेबलावर पसरलेत आणि मांजर आलं तर पुढचा महिना कोडी सोडवण्यात जाईल.

आकडा खाचेत घालून सूर सरळ आपल्याकडे ओढा. वर उचकटलात तर लाकडाची धार तुटते. हातात येतो तो पितळेचा लहान चौकोनी तुकडा आणि त्यावर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. खर्जातली बोटाएवढी, वरच्या टोकाची नखाएवढी. जीभ प्रकाशासमोर धरा. तिच्या दोन्ही कडांना केसाएवढी फट दिसेल. त्या फटीत अडकलेला धुळीचा एक कण सूर मुका करायला पुरतो. मुक्या सुरांपैकी बहुतेक एवढ्यानेच बोलू लागतात. मऊ ब्रश मुळाकडून टोकाकडे फिरवा. उलटा फिरवला तर केस जिभेखाली अडकून ती वाकते.

जिभेच्या टोकाला किंचित बाक किंवा पीळ दिसेल. तो मुद्दाम दिलेला आहे, नाद त्यातून येतो. "वाकलंय बिचारं" म्हणून सरळ करायला जाऊ नका.

तोंडाने फुंकून बघायचीही सवय नको, ओल जाते.

जीभ मोडली असेल तर सुराचा पितळी तुकडा जपून ठेवा आणि त्याच बनावटीच्या मोडीत निघालेल्या ऑर्गनमधला त्याच स्वराचा सूर शोधा. नवी जीभ बसवणं जाणत्या कारागिराचं काम आहे.

९. आता कुलूप उघडा: सूर लावणं

ऑर्गन पूर्ण जोडून पंधरा दिवस रोज वाजवा. कितीतरी "बेसूर" सूर आपोआप जागेवर येतात, कारण त्यांच्यावरची उरलीसुरली धूळ झडते. मग प्रत्येक सूर ट्यूनरवर मोजून वहीत लिहा.

पहिला धक्का मधल्या पांढरी सहावर (पाश्चात्त्य A) बसेल. तुमचा ट्यूनर तिथे ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं) मागतो. पण ४४० वर आंतरराष्ट्रीय एकमत झालं ते १९३९ मध्ये. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं, आणि कित्येक कारखाने त्याहून बरंच वर लावायचे. तुमचा ऑर्गन सगळाच चढा असेल तर तो बिघडलेला नाही, त्याच्या काळाचा आहे. सगळे सूर खाली ओढायला गेलात तर प्रत्येक जीभ खरवडावी लागेल, आणि खरवडलेलं पितळ परत येत नाही. बहुतेक सूर जिथे आहेत ती पातळी मान्य करा आणि फक्त कळपाबाहेरचे कळपात आणा. चार-पाच सेंटचा फरक सोडून द्या.

पद्धत: जिभेखाली पातळ पोलादी पट्टी सरकवून तिला आधार द्या. सूर चढवायचा तर टोकाजवळ हलकेच घासा, टोक हलकं होऊन जीभ जलद हलते. उतरवायचा तर मुळाजवळ घासा, जिभेचा ताठपणा कमी होतो. दोन-तीन हलके हात, मग सूर परत जागेवर घालून ऐका. हातात धरून मोजलेला सूर आणि आपल्या खोबणीत बसलेला सूर सारखा लागत नाही. आधी ८ चा संच पूर्ण करा, मग ४ चा त्याच्याशी मिळवा.

एक सापळा. काही ऑर्गनमध्ये सेलेस्ट किंवा तशा नावाचा नॉब असतो. तो ओढला की सूर पाण्यावर डोलल्यासारखा हलतो. तिथला दुसरा सूर जाणूनबुजून किंचित हटवलेला असतो. ट्यूनर लाल दिवा दाखवेल. दाखवू दे. तो "दुरुस्त" केलात की ते डोलणं कायमचं गेलं.

हे काम अवघड वाटलं तर धीर धरा. १८८७ मध्ये जपानमधल्या हामामात्सु गावच्या शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन तोराकुसु यामाहा यांनी दुरुस्त केला आणि त्यावरून स्वतःचा एक बनवला. तो खांद्यावरून डोंगर ओलांडून तोक्योला नेला, तर तिथे सांगण्यात आलं की सूर नीट लागलेले नाहीत. मग ते बसून सूर लावायला शिकले. आज मोटरसायकलींवर दिसणारं नाव तेच.

१०. जोडणी आणि आपोआप वाजणारा सूर

उघडल्याच्या उलट क्रमाने जोडा. जुन्या भोकात स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवा. "टक्" असं बारीक जाणवलं की तो जुन्या आट्यात बसला, मग सुलटा पिळा. नाही तर तो नवे आटे पाडतो आणि भोक मोठं होतं. सुरांच्या पाटाचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळा. पाटाखालची चामड्याची कड सुरकुतलेली नाही ना, हे आधी बघा.

पहिल्यांदा पेडल माराल तेव्हा पट्टी न दाबताच एक-दोन सूर वाजू लागतील. घाबरू नका. नॉब सगळे बंद करा. थांबला तर एकेक नॉब उघडून तो कोणत्या संचातला आहे ते शोधा. मग त्या पट्टीला चार-पाच वेळा टिचकी मारा. झडपेवर बसलेला कण बहुधा उडून जातो. नाही गेला तर पट्टी उचला. पट्टी काढल्यावर सूर थांबला तर दोष पट्टीचा किंवा दांडीचा आहे: लाकूड फुगलंय किंवा दांडी दुसऱ्या भोकातली आहे. तरीही वाजत राहिला तर झडप नीट बसलेली नाही, आणि पाट पुन्हा उचलावा लागेल. मला तो तीनदा उचलावा लागला. तिसऱ्या वेळी झडपेवरून निघाला तो माझ्याच ब्रशचा एक केस.

११. ठेवायची जागा

भिंतीपासून वीतभर दूर, उन्हाची तिरीप येणार नाही अशी. फार दमटही नको आणि एसीच्या थेट झोतातही नको. वाजवून झालं की नॉब आत ढकला आणि झाकण लावा, म्हणजे धूळ आणि उंदीर दोघांचीही वाट बंद. रोज दहा मिनिटं वाजवलात तर कापड आणि चामडं मऊ राहतं. मी सकाळी चहा उकळेपर्यंत एवढंच वाजवते: डावा पाय, उजवा पाय, आणि खर्जातली एकच पट्टी धरून ठेवायची.